होल्डॉलमधला नवा करार

मी एक जुना होल्डॉल आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून तुमच्यापैकी निम्म्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण त्यात तुमचा दोष नाही. आता माणसं चाकांची बॅग ओढत प्रवासाला निघतात आणि अंथरूण जिथे जातील तिथे मिळतं. माझ्या काळी माणूस आपलं अंथरूण आपल्याबरोबर न्यायचा, आणि ते न्यायला मी लागायचो. जाड खाकी कॅनव्हासचा एक लांब पट्टा, त्याच्या दोन्ही टोकांना झडपेचे मोठे खिसे. मधे गादी आणि चादर पसरायची, खिशांत कपडे कोंबायचे, मग सगळ्याची घट्ट गुंडाळी करायची आणि वरून दोन चामडी पट्टे आवळायचे. झाला होल्डॉल. रचना साधी आहे, पण आजवर माझ्यातून एक रुमालसुद्धा हरवलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे, पण खरी आहे.

माझा जन्म नगरच्या बाजारातला. तिथे भीमा नावाचे एक कारागीर तंबू आणि ताडपत्र्या शिवत असत. त्यांनी मला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. शिवून झाल्यावर माझा पट्टा भिंतीच्या खुंटीला अडकवला आणि स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. खुंटी निघाली, भीमा खाली पडले, पण पट्टा तुटला नाही. कंबर चोळत ते उठले आणि माझ्याकडे पाहून हसले. बेलापूरचे शांतवन गुरुजी मला विकत घ्यायला आले, तेव्हा भीमा त्यांना एवढंच म्हणाले, "फाटला तर घिऊन या, फुकट शिवून दीन. पन तुमी येनार न्हाई."

गुरुजींना खरंच कधी जावं लागलं नाही.

शांतवन गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत आणि दर उन्हाळ्यात चर्चच्या मुलांना भंडारदऱ्याच्या शिबिराला घेऊन जात. त्या शिबिराची तयारी म्हणजे त्यांच्या घरात सणासारखी असे. मला आदल्या दिवशी उन्हात पसरायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, पट्ट्यांना तेल लावायचे. मग गादी, सोलापुरी चादर, स्वेटर, ताट-वाटी, कंदील, पवित्र शास्त्र, गायनाचं पुस्तक असं सगळं समोर मांडून ते एकेक वस्तू हातात घेऊन विचार करत. घरातलं कोणी घाई केली की म्हणत, "सामान भरणं हे पण एक काम आहे. ते काम म्हणून करावं." सगळं भरून झालं की माझ्यावर हात ठेवून डोळे मिटत आणि प्रवासासाठी प्रार्थना करत. त्या घराची ती रीतच होती.

मी किती कामं केली म्हणून सांगू! मी बिछाना झालो, जेवायची पंगत झालो, नाटकाचा पडदा झालो. एकदा तर एका शिबिरात उतारावरून घसरून एका मुलाचा पाय मुरगळला. रस्ता लांब होता आणि वाहन नव्हतं. गुरुजींनी माझी झोळी केली आणि चार मोठ्या मुलांनी त्याला माझ्यात घालून खाली आणलं. त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले, "आणि गुरुजींच्या होल्डॉलचेही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या, यात मला आजही शंका नाही.

गुरुजींनंतर त्यांचा मुलगा मार्क मला शिबिराला नेऊ लागला. मग मार्क ट्रक चालवू लागला, त्याचं मरियाशी लग्न झालं, लग्नात दोन चकचकीत बॅगा आल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यावर कधी कांद्याची गोणी, कधी मोडका पंखा. एका मांजरीने तर माझ्या खिशात दोनदा पिल्लं घातली. मला वाईट वाटलं का? वाटलं की. ज्याने मुरगळलेला पाय डोंगरावरून खाली आणला, त्याला मांजरीच्या बाळंतपणाला ठेवावं, हे काही बरं नव्हे. पण मी कुजलो नाही आणि कसर लागू दिली नाही. माझं काम पडणार, हे मला ठाऊक होतं.

ते काम या उन्हाळ्यात पडलं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मार्क आणि मरिया यांची मुलगी जेनिफर यंदा पहिल्यांदा शिबिराला निघाली होती. सातवीची परीक्षा संपलेली, आवाज खणखणीत. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन करायला तिचीच निवड झाली होती. मावशीने तिला एक गुलाबी ट्रॉली बॅग दिली होती आणि ती बॅग ओढत जेनिफर घरातल्या घरात चार वेळा फिरून आली होती. मरियाने मात्र त्या बॅगेत गादी घातली, वर गोधडी, स्वेटर, चिवड्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि गुडघा टेकवून चेन ओढली. चेन फाटली. गुलाबी बाईसाहेबांचं तोंड एकदा उघडलं ते काही केल्या मिटेना. मरियाने वर माळ्याकडे पाहिलं आणि मी मनात म्हटलं, या, मी तयारच आहे.

मला खाली काढलेलं पाहून जेनिफरने पाय आपटले. "मम्मी, मी हे घेऊन जाणार नाही! हे काय, वळकटी? सगळे हसतील मला."

"हसले तर हसू दे," मरिया म्हणाली. "भंडारदऱ्याला मे महिन्यात पण रात्री गार असतं. कुडकुडायला लागल्यावर कोणी हसत नाही."

मरियाला त्या दिवसांत असल्या रुसव्याफुगव्यांकडे बघायला वेळ नव्हता. ती शिवणकाम करते. इतकी वर्षं तिचं मशीन घराच्या ओट्यावर आहे. पाऊस आला की मशीन आत ओढायचं, आत जागा नाही म्हणून गिऱ्हाईक परत जायचं. तिला स्वतःचं दुकान हवं होतं. बेलापूरच्या बाजारपेठेत आसाराम शेठचा एक गाळा रिकामा होता आणि तो मरियाला द्यायचं ठरलं होतं. कागद स्टॅम्पपेपरवर टाईप झाला होता, त्यावर मरियाची सही झाली होती. राहिल्या होत्या आसाराम शेठ आणि त्यांच्या पुण्याच्या भावाच्या सह्या. भाऊ सोमवारी सकाळी तेवढ्यासाठीच येणार होता. आसाराम शेठ बोलायला अगदी रोखठोक. "सोमवारी सकाळी ह्योच कागद घिऊन गाळ्यावर या," ते म्हणाले होते. "भाऊ पुन्हा दिवाळीलाच येतोय. तुमी आला न्हाई तर मोबाईलवाला तयार हाय."

मरियाने तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. घरातल्या मोलाच्या वस्तू तिथेच असत.

शनिवारी दुपारी शिबिराचं सामान न्यायला टेम्पो येणार होता. जेनिफर सकाळपासून चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती. मार्क ट्रक घेऊन कोल्हापूरकडे होता. मरियाला लग्नाचे ब्लाऊज पोचवायला श्रीरामपूरला जावंच लागलं. तेव्हा शेजारच्या लंकाबाई मदतीला आल्या. त्यांच्या घराची किल्ली मरियाकडे आणि मरियाची त्यांच्याकडे, असा दोघींचा वर्षानुवर्षांचा घरोबा. लंकाबाईंनी पदर खोचला आणि मला जमिनीवर पसरलं. एका खिशात कपडे गेले, दुसऱ्यात साबण, टॉवेल आणि चपलांचा जोड. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून मरिया बोलत होती आणि तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मावशी, कपाटात वरच्या फळीवर नवा करार आहे बघा. तेवढा आधी खिशात घाला. तो राहिला तर पोरीची शिबिरात पंचाईत होईल."

"नवा करार व्हय? घालते की," लंकाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, इथे जरा थांबायला हवं. ख्रिस्ती घरात 'नवा करार' म्हटलं की प्रभू येशूच्या जीवनाचं आणि शिकवणीचं पुस्तक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण लंकाबाईंच्या घरात ते पुस्तक कधी नव्हतं. त्यांच्या लेखी करार जमिनीचा असतो, ऊसतोडीचा असतो, फार तर गाळ्याचा असतो. त्यांनी फळीवर हात घातला. एका बाजूला मरियाने शिवलेल्या फुलाफुलांच्या कापडी कव्हरात एक जाडसर वस्तू होती. ती त्यांना पैशाची पिशवी वाटली, म्हणून त्यांनी तिला हातही लावला नाही. दुसऱ्या बाजूला फोल्डर होता. चष्मा घरी राहिला होता, तरी वरची ठळक अक्षरं त्यांनी डोळे बारीक करून लावली.

"भा... डे... करार. हां, ह्योच. अन् नवा कोराच हाय की." मग माझ्याकडे वळून स्वतःशीच म्हणाल्या, "पोरीला तिथं कशाला लागतोय कुनास ठाऊक. शाळांमधी तरी आजकाल काय काय कागद मागत्यात!"

फोल्डर चुरगळू नये म्हणून त्यांनी तो एका स्वच्छ पंच्यात गुंडाळला आणि माझ्या खिशात, चपलांच्या शेजारी, नीट बसवला. मी काय करणार? मी फार कामाचा असलो तरी मला तोंड नाही.

मरिया धावत-पळत आली तेव्हा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत होता. जेनिफरही आली. दोघींनी मिळून मला गुंडाळलं, लंकाबाई माझ्यावर बसल्या आणि मरियाने पट्टे आवळले. "मावशी, नवा करार घातला ना?" "घातला गं बाई, पंच्यात बांधून घातला." मग मरियाने गुरुजींसारखा माझ्यावर हात ठेवला. जेनिफरनेही ठेवला. लंकाबाईंनी बाजूला उभं राहून हात जोडले.

"हे प्रभू," मरिया म्हणाली, "माझ्या लेकराला सुखरूप ने आणि सुखरूप आण. आणि सोमवारचं माझं काम तेवढं पार पाड. आमेन."

तिचा तळहात बरोबर त्या कागदावर होता. मला इतकं अवघडल्यासारखं कधीच झालं नव्हतं.

टेम्पोत मी इतर बॅगांच्या वर बसून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा चढत गेलो. टेम्पो चालवणारा गोरक्षनाथ सगळा रस्ता गाणी म्हणत होता. शिबिर धरणाजवळच्या एका शाळेच्या इमारतीत होतं. रात्री मुली फरशीवर पसरल्या. जेनिफरने गादी काढून घेतली आणि मला कोणी पाहू नये म्हणून कोपऱ्यात ढकललं. पण रविवारी सकाळी उपासना झाडाखाली ठेवली होती आणि दव पडून जमीन ओली झाली होती. चाकांच्या बॅगा अंथरता येत नाहीत, मित्रांनो. एका मुलीनेच विचारलं, "जेनी, तुझं ते मोठं खाकी आहे ना, ते आण ना बसायला." मला पसरलं आणि माझ्यावर पाच जणी दाटीवाटीने बसल्या. जेनिफर मधोमध. ती आता लाजत नव्हती, हे मला तिच्या बसण्यावरून कळलं.

गाणी झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, "सर्वांनी नवा करार उघडा. वाचन जेनिफर करील."

जेनिफरने माझ्या खिशात हात घातला, पंच्याची पुरचुंडी काढली आणि उभं राहता राहता सोडली. आतून फोल्डर निघाला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. शेजारच्या मुलीने मान वाकडी केली आणि मोठ्याने वाचलं, "भाडेकरार! लिहून देणार, आसाराम... अय्या, सर, हिचा नवा करार भाड्याचा आहे!"

सगळं झाड हसलं. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. लहान मुलं तर गडाबडा लोळली. जेनिफर क्षणभर गोरीमोरी झाली. एरवी ती रडली असती किंवा चिडली असती. पण ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती.

"सर, हा मम्मीच्या दुकानाचा कागद आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी तो नसेल तर तिचं दुकान जाईल."

हसणं थांबलं. पाळकसाहेबांनी आपला फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती. ते टेकडीवर चढून फोन लावून आले, तरी मरियाचा फोन काही लागला नाही. मग ते गोरक्षनाथकडे गेले. तो सामान पोचवून रात्री तिथेच मुक्कामाला राहिला होता आणि जेवण करून बेलापूरला परत निघणार होता. त्याने फोल्डर पाहून दोन पावलं मागे घेतली.

"कागद माज्याकडं दिऊ नका, सायेब. माजं लायसन दोनदा हरवलंय. माज्या सोताच्या लग्नाच्या पत्रिका मी यष्टीत इसरून आल्तो. त्यात आज संगमनेरातून खताच्या गोन्या भरायच्यात. गोन्यांखाली कागदाचा पार भुगा हुईल."

जेनिफरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे तसं पाहिलं.

"मग होल्डॉलच न्या," ती म्हणाली. "एवढा मोठा तर तुम्ही विसरणार नाही ना?"

"ह्यो न्हाई इसरनार," गोरक्षनाथ माझ्यावर थाप मारून म्हणाला.

"आणि गादीच्या घडीत घातला की गोण्यांखाली पण काही होणार नाही."

"अगं, गादी पाठवलीस तर तू झोपणार कशावर?" मैत्रिणीने विचारलं.

"बघू," जेनिफर म्हणाली. तिने गोधडी काढायला घेतली, पण गादी पातळ वाटली म्हणून गोधडीही परत आत घातली. स्वतःला फक्त एक चादर ठेवली. मग तिने फोल्डर गादीच्या मधल्या घडीत सरकवला, माझी गुंडाळी केली आणि गुडघा टेकवून पट्टे आवळले. इतके घट्ट की भीमांनी पाहिले असते तर खूश झाले असते. वरून तिने गोरक्षनाथला नीट समजावून सांगितलं. "घरी सांगा, की नवा करार म्हणून हा चुकून आलाय. नवा करार म्हणजे आमचं शास्त्र असतं. हा दुकानाचा कागद आहे, तो मम्मीच्या हातात द्या."

गोरक्षनाथने मान डोलावली. मला मात्र त्याच्या मानेचा भरवसा वाटला नाही.

आणि तसंच झालं. मी खताच्या गोण्या अंगावर घेऊन बेलापूरला पोचलो. कागदाला सुरकुती नाही, हे सांगायला नकोच. पण मरियाच्या दाराला कुलूप होतं. कागद हरवलाय हे तिला दुपारी कळलं होतं. सगळं घर तिने उपसलं, त्या घाईत फळीवरच राहिलेलं फुलाफुलांच्या कव्हरातलं पुस्तकही तिच्या लक्षात आलं नाही, आणि शेवटी मुदत मागायला आसाराम शेठच्या मळ्यावर गेली होती. गोरक्षनाथने मला लंकाबाईंच्या दारात उतरवलं. इंजिन चालूच होतं आणि मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता.

"मावशी, तुमी भरलेला नवा करार पोरीनं माघारी धाडलाय," तो ओरडून म्हणाला. "नवा करार म्हंजी ह्यांच्या देवाचा ग्रंथ असतोय म्हनं. नीट ठिवा, गादीत हाय!"

बाकीचा निरोप तो विसरून गेला आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

लंकाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "अगं माजे आई! तरीच पोरीला लागत हुता! देवाचा ग्रंथ! अन् म्या त्याला चपलांच्या शेजारी कोंबला!" त्यांनी आधी मला घरात ओढून घेतलं. मग हातपाय धुतले, माझे पट्टे सोडले, गादीच्या घडीतून फोल्डर काढला आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावला. फोल्डरमधून कागद बाहेर काढून त्यांनी तो आपल्या देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी उभा केला. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. "येशूबाबा, चुकी पदरात घे," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत न्हवतं रं."

असा मरियाच्या दुकानाचा भाडेकरार उदबत्तीच्या धुरात बसून राहिला, आणि मी समोर जमिनीवर. हसावं की रडावं, मला कळेना.

दिवेलागणीला मरिया आली. चेहरा उतरलेला. आसाराम शेठनी मुदत दिली नव्हती. लंकाबाईंच्या घरात मला पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "होल्डॉल परत कसा आला? जेनीला काय झालं?"

"काय न्हाई झालं, पोर ठनठनीत हाय," लंकाबाई म्हणाल्या. "फकस्त तुमचा देव तिनं माघारी धाडलाय. चूक माजी हुती. पन आता म्या त्याला नीट ठिवलाय."

"कोणता देव?" मरिया माझ्यावरच खाली बसली आणि तिला हुंदका आला. "मावशी, माझं सगळं गेलं. कागद सापडत नाही. उद्या गाळा मोबाईलवाल्याला जाणार."

"असं रडू नगा. तुमच्याच देवापुढं बसून मागा, चला उठा." लंकाबाईंनी तिला धरून देव्हाऱ्याकडे वळवलं.

मरियाने डोळे पुसले. पुन्हा पुसले. मग ती एवढ्या मोठ्याने किंचाळली की गल्लीतली दोन माणसं धावत आली. त्यानंतर बराच वेळ ती लंकाबाईंच्या गळ्यात पडून हसत होती आणि रडत होती. काय झालं हे लंकाबाईंना समजावून सांगायला तिला तीनदा सुरुवात करावी लागली.

सोमवारी सकाळी मरियाने ठरवलं की सह्या झाल्या की तशीच एसटीने भंडारदऱ्याला जायचं आणि जेनिफरचं अंथरूण नि खरा नवा करार तिला नेऊन द्यायचा. म्हणून मीही गाळ्यावर गेलो. लंकाबाईही बरोबर निघाल्या. "कागदाला कुकू म्या लावलंय, उत्तर बी मीच दीन," असं त्यांनी बजावलं होतं.

गाळा अगदी रिकामा होता. टेबल नाही, खुर्ची नाही. बाहेर मोबाईलवाला मोटरसायकलवर रेलून उभा होता. पुण्याच्या भावाने कागद हातात घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. मथळ्यावर कुंकवाचं बोट होतं आणि जिथे त्याची सही व्हायची, तिथेच हळदीचा पिवळा ठसा उमटला होता.

"हे काय आहे? स्टॅम्पपेपर खराब केलाय. मी यावर सही करणार नाही."

मरिया रुमालाने तो ठसा पुसायला धावली. पण लंकाबाई पुढे झाल्या. "सायेब, बसा. उभ्यानं ऐकायसारखी गोष्ट न्हाई ही." बसायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी मला सोडून जमिनीवर अंथरलं. दोघे भाऊ नाइलाजाने माझ्यावर बसले. मग लंकाबाईंनी फोनपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. येशूबाबाची माफी मागितल्याचं आलं तेव्हा आसाराम शेठचं पोट हलायला लागलं. चपलांच्या जोडापाशी तर त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. पुण्याचा भाऊ ओठ दाबून बसला होता. पण लंकाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "अन् खंडोबाला बी सांगितलं, पाव्हना हाय, जरा सरकून घे," तेव्हा मात्र त्याचाही धीर सुटला आणि तो माझ्यावर आडवा होऊन हसला.

"दोन देवांनी सांभाळल्याला कागद हाय ह्यो," आसाराम शेठ त्याला कोपर मारत म्हणाले. "कर गुमान सही."

त्याने केली, हळदीच्या ठशावरच. बाहेर मोटरसायकल सुरू होऊन निघून गेल्याचं ऐकू आलं. आसाराम शेठनी खिशातून चावी काढून मरियाच्या हातात दिली. त्या दुकानात सगळ्यात आधी अंथरलं गेलं ते मला, याचा मला फार अभिमान आहे.

मित्रांनो, मला जपा, असं सांगायला मी तुमच्यासमोर आलेलो नाही. वर्षातून दोनदा ऊन दाखवलं आणि पट्ट्यांना तेल लावलं की माझं भागतं. माझं मागणं दुसरं आहे. घरातलं माणूस गावाला निघालं की त्याचं सामान घाईघाईत फोनवरून भरू नका. त्याच्याजवळ बसा, एकेक वस्तू हातात घ्या, काय हवं ते त्याला विचारा. आणि कोणी आपलं अंथरूण तुमच्यासाठी धाडून दिलं, तर रात्री तो कशावर झोपला, हे विचारल्याशिवाय राहू नका.

मरियाने ते विचारलं. संध्याकाळी ती मला खांद्यावर घेऊन शिबिरात पोचली, तेव्हा जेनिफर धावत आली आणि आधी ओरडली, "मम्मी, चावी मिळाली?" मरियाने चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हात गार पडला होता. जेनिफरचा आवाजही सर्दीने बसला होता.

"काल कशावर झोपलीस गं, बाळा?"

"झोपतंय कोण?" जेनिफर नाक ओढत म्हणाली. "सगळ्या मिळून तुझ्या दुकानाला नावं शोधत बसलो होतो."